घरी बनवलेला माकिवारा : खांब किती वाकतो, ते आधी मोजा

अंगणवासी (धागालेखक)

सहा वर्षांपूर्वी कोथरूडमधील आमच्या जुन्या घराच्या मागच्या अंगणात मी पहिला माकिवारा, म्हणजे कराटेत ठोशांच्या सरावासाठी जमिनीत रोवतात ती फळी, रोवला, तेव्हा खांब जितका पक्का तितका सराव चांगला, एवढीच समजूत माझ्यापाशी होती. साल लाकडाचा तीन इंच जाडीचा चौरस खांब आणला, अडीच फूट खड्ड्यात काँक्रीट ओतून तो उभा केला, छातीच्या उंचीवर सुतळी गुंडाळली आणि रोज सकाळी प्रत्येक हाताने शंभर ठोसे मारायला लागलो. तिसऱ्या आठवड्यात उजव्या मुठीचे दोन सांधे सुजले, मनगट दुखू लागले आणि त्याहून वाईट म्हणजे, दुखण्याच्या धास्तीने मी खांबाला हात लागताक्षणीच मागे खेचू लागलो. एके दिवशी आमचे सेन्सेई, म्हणजे कराटेचे गुरू, घरी आले, त्यांनी तळहाताने खांब रेटून पाहिला आणि तो तसूभरही हलत नाही हे लक्षात येताच मला तो उपटून टाकायला सांगितले. ते काँक्रीट फोडण्यात माझे दोन रविवार गेले.

त्यानंतर मी तीन माकिवारे बनवले. त्यांतला पहिला चिरला, दुसरा वाळवीने खाल्ला आणि तिसरा गेली साडेतीन वर्षे उभा आहे. या विषयावर मराठीत फारसे लिहिलेले दिसत नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

‘माकिवारा’ या जपानी शब्दाचा अर्थ ‘गुंडाळलेला पेंढा’ असा आहे, आणि धनुर्विद्येच्या सरावासाठी जपानमध्ये वापरतात त्या पेंढ्याच्या भाऱ्यालाही हेच नाव आहे. ओकिनावातील कराटेत मात्र माकिवारा म्हणजे जमिनीत रोवलेली, बुडाशी जाड आणि वर निमुळती होत गेलेली फळी, जिच्या वरच्या टोकाशी भाताच्या पेंढ्याची दोरी गुंडाळलेली असते. गिचिन फुनाकोशी १९२२ साली ओकिनावातून टोकियोला आले आणि त्यांच्यामागोमाग ही फळीही जपानच्या मुख्य भूमीवर पोचली. छायाचित्रात ती खांबासारखी दिसते, आणि माझ्यासारखे लोक फसतात ते इथेच.

कुमितेच्या, म्हणजे जोडीदाराशी लढतीच्या, सरावात आपण ठोसा समोरच्याच्या अंगापासून बोटभर अंतरावर थांबवतो आणि काता, म्हणजे ठरावीक हालचालींची मालिका, तर हवेतच करतो. म्हणजे हात कशाला तरी भिडल्यावर आपल्या शरीराचे काय होते, हे वर्षानुवर्षे सराव करूनही कळण्याची सोय नसते. ती सोय माकिवारा करतो. मूठ टेकली की फळी मागे झुकू लागते, जितकी झुकते तितका तिचा विरोध वाढत जातो आणि तो विरोध मनगट, कोपर, खांदा, कंबर या मार्गाने मागच्या पायाच्या टाचेपर्यंत येतो. कोपर बाहेर गेले असेल, खांदा वर चढला असेल किंवा टाच उचलली गेली असेल, तर त्या ठिकाणी शरीर दुमडते आणि मारणाऱ्याला ते आपोआप कळते. न वाकणाऱ्या खांबावर हे काहीच घडत नाही, कारण तिथे सगळा मामला मुठीच्या कातडीवर आणि हाडांवर क्षणार्धात संपतो.

आता मापांकडे वळतो. एका टोकाला घट्ट धरलेल्या फळीचा कडकपणा तिच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. जाडी दुप्पट केली तर फळी आठपट कडक होते आणि निम्मी केली तर आठपट मऊ होते. रुंदीचा परिणाम मात्र सरळ प्रमाणात होतो. त्यामुळे सुताराकडे ‘अंदाजे दोन इंच’ म्हणून चालत नाही, कारण दोन-तीन सुतांचा (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) फरकही हाताला स्पष्ट जाणवतो.

माझी सध्याची फळी सागवानाची असून साडेतीन इंच, म्हणजे सुमारे ९० मिलिमीटर रुंद आहे. जमिनीपासून ठोसा बसतो तिथपर्यंतची उंची १२० सेंटिमीटर आहे, आणि जमिनीखाली आणखी ७५ सेंटिमीटर गाडलेली आहे. सुरुवातीला मी तिची जाडी बुडाशी ५० मिलिमीटर आणि टोकाशी १८ मिलिमीटर ठेवली होती. सामान तोलण्याचा हुकाचा डिजिटल काटा फळीच्या टोकाला अडकवून मी तो १० किलो दिसेपर्यंत मागे ओढला, तेव्हा टोक जेमतेम सव्वा सेंटिमीटर सरकले. मग रंधा मारून बूड ४० आणि टोक १५ मिलिमीटरवर आणले, आणि त्याच १० किलोला ते सव्वादोन सेंटिमीटर सरकू लागले. नवशिक्याला हे दुसरे माप योग्य वाटते. चार-पाच वर्षे नियमित सराव झालेल्याला पहिले चालेल. १० किलोला अर्धा सेंटिमीटरही न हलणारी वस्तू मी कोणालाच सुचवणार नाही. काट्याने मोजण्याची ही पद्धत मला कोणी शिकवलेली नाही, परंतु ‘बऱ्यापैकी लवचीक’ यासारख्या शब्दांपेक्षा ती दोन माणसांना एकमेकांचे म्हणणे समजण्यास अधिक उपयोगी पडते. तेव्हा या धाग्यावर आपापल्या खांबाचे माप याच रीतीने द्यावे, अशी विनंती आहे.

खड्ड्याबद्दल एक गोष्ट सांगतो. टोक मागे ढकलले की फळी जमिनीच्या पृष्ठभागाशी मागच्या बाजूस दाब देते आणि अगदी तळाशी पुढच्या, म्हणजे मारणाऱ्याच्या बाजूस दाब देते. म्हणून दोन सपाट दगड पुरेसे होतात, एक वर मागे आणि एक खाली पुढे. बाकीच्या खड्ड्यात मुरूम थराथराने ठासून भरावा. आमच्याकडे वर हातभर काळी माती आहे, ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे नुसत्या मातीत रोवलेला खांब एप्रिलमध्ये हिंदकळू लागतो. काँक्रीटच्या वाट्याला मी पुन्हा गेलो नाही.

पेंढ्याची गादी हा माझा दुबळा विषय आहे. मुळशीतील एका नातेवाइकांकडून भाताचा पेंढा आणून तो ओला करून दोरी वळली, पण माझ्या हाताला ती सवय नसल्याने ती महिन्याभरात सुटली. सध्या काथ्याच्या दोरीवर चामड्याचा तुकडा बांधला आहे. यावर कोणी अनुभवी व्यक्तीने लिहावे.

---

रंधा

धागा आवडला. आमच्या घरात तीन पिढ्या सुतारकाम आहे आणि मी स्वतः बारा वर्षे शोतोकान शैलीचे कराटे केले आहे, त्यामुळे दोन्ही बाजूंनी बोलू शकतो. लेखकाचे माप पटले, परंतु लाकूड पटले नाही.

सागवान पाण्याला आणि वाळवीला चांगले तोंड देते, दारे-खिडक्यांसाठी त्याला तोड नाही, पण वारंवार धक्के सोसण्याचा गुण त्यात बेताचाच असतो. आपल्याकडे धक्का सोसणाऱ्या कामांसाठी जुन्या लोकांनी वेगळी झाडे ठरवून ठेवली होती. बैलगाडीच्या चाकाला बाभूळ, अवजारांच्या दांड्यांना तिवस, आणि जिथे वाकून पुन्हा सरळ होणे हवे तिथे धामण. खांद्यावर ओझे वाहण्याच्या कावडीला धामण वापरत असत, यातच माकिवाऱ्याला काय हवे त्याचे उत्तर आहे. अडचण अशी की भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमध्ये धामण मागितली तर निम्मे दुकानदार आपल्याकडे पाहत राहतात. मिळाली तर सोडू नये. न मिळाल्यास वाळलेल्या बाभळीचा सरळ तुकडा शोधावा, आणि तोही नसेल तर मग सागवान आहेच.

सागवानच घ्यायचे असेल तर जुन्या वाड्यातून निघालेले घ्यावे. पेठांमधले वाडे पडत आहेत आणि त्यांचे वासे व तुळया विक्रीला येतात. ते लाकूड अनेक दशके वाळलेले असल्याने नंतर पिळत नाही. मात्र रंधा लावण्यापूर्वी त्यावरून चुंबक फिरवावा, कारण आत मोडलेला खिळा असला तर रंध्याचे पाते जाते आणि त्याच ठिकाणाहून पुढे फळीही चिरते.

फळी निवडताना गाठीपेक्षाही रेषा पाहाव्यात. लाकडाच्या रेषा फळीच्या एका कडेतून शिरून दुसऱ्या कडेतून बाहेर पडत असतील तर ती फळी कितीही सुबक असली तरी एके दिवशी त्या तिरप्या रेषेवर फाटणार. रेषा बुडापासून टोकापर्यंत सलग गेल्या पाहिजेत. लेखकाचा जो माकिवारा चिरला तो बहुधा याच कारणाने चिरला असावा. आणखी एक सांगतो, निमुळतेपणा फक्त मागच्या बाजूने काढावा. पुढची, मार खाणारी बाजू सरळ ठेवावी आणि मागून पटाशी न लावता रंध्यानेच हळूहळू उतरवत जावे. शेवटचे दोन सूत उतरवताना दर थोड्या वेळाने फळी रोवून, काटा लावून पाहावे. काढलेले लाकूड परत चिकटवता येत नाही.

बुडाच्या बाबतीत, जमिनीत जाणारा भाग आणि वर आणखी वीतभर डांबराने माखावा. कुजण्याचे खरे ठिकाण खड्ड्याचा तळ नसून माती आणि हवा जिथे मिळतात ती बोटभर पट्टी असते, हे कुंपणाचे खांब रोवणाऱ्या कोणत्याही शेतकऱ्याला विचारावे. वरच्या भागाला अळशीचे तेल वर्षातून दोनदा पुरेसे आहे. पॉलिश करू नये.

---

अंगणवासी

रंधा, आभारी आहे. आपला तर्क बरोबर निघाला, चिरलेल्या फळीचे तुकडे अजून माळ्यावर आहेत आणि फाटलेली रेषा अगदी आपण सांगितल्याप्रमाणे तिरपी गेली आहे. धामणीचे नाव मी प्रथमच ऐकले.

---

हातोडी_नको

मला या सगळ्या खटाटोपाची गरज समजत नाही. चांगली पंचिंग बॅग टांगावी, हातमोजे घालावेत आणि सराव करावा. कराटे टोकियो ऑलिंपिकमध्ये खेळले गेले, त्यातील कोणता खेळाडू खांबावर मुठी आपटून तिथवर पोचला?

---

अंगणवासी

ऑलिंपिकचा मुद्दा मान्य आहे, आणि कुमितेतील गुणांसाठी माकिवाऱ्याची गरज नाही हेही मान्य आहे. तिथे नियंत्रित स्पर्शाला गुण मिळतात आणि त्यासाठी वेग व अंतराचा अंदाज महत्त्वाचा असतो. बॅगबद्दल मात्र एक फरक सांगतो. बॅग लांब जाते आणि झुलत परत येते, त्यामुळे ठोशाचा शेवट कुठे झाला हे तिच्यावर कळत नाही. फळी मुठीला चिकटून राहते आणि मुठीखालीच विरोध वाढवत जाते. मी दोन्ही वापरतो. बॅग पायांसाठी आणि दमासाठी, फळी एकेका ठोशासाठी. हातमोज्यांत मनगट बांधलेले असल्याने त्यातील चूक झाकली जाते, हा माझा अनुभव आहे, नियम नव्हे.

---

भंगारप्रेमी

बॅगचा विषय निघालाच आहे तर लिहितो. घरी बॅग करणारे हमखास वाळू भरतात आणि पस्तावतात. ३० सेंटिमीटर व्यासाची आणि १ मीटर उंचीची बॅग घेतली तर तिच्यात सुमारे ७० लिटर माल मावतो, आणि तेवढी कोरडी वाळू ११० किलोच्या आसपास भरते. ती छताला टांगणे धोक्याचे आहेच, शिवाय वाळू खाली बसून बुडाचा दगड होतो आणि लाथ मारणाऱ्याची नडगी फुटते. शिंप्यांकडची कातरणे गोण्यांनी मिळतात. ती दाबून भरली की तेवढ्याच आकारात तीसेक किलो वजन होते. बटणे, हूक आणि चेन मात्र एकेक करून काढाव्यात. मी आळस केला आणि एका पितळी बटणाने पायाला तीन टाके पडले.

बाहेरचे कापड ताडपत्रीचे, शिलाई दुहेरी. साखळी आणि फिरता हूक मी पुण्याच्या जुन्या बाजारात, बुधवारी, किलोच्या भावाने घेतला. रविवारी तिथे गर्दीमुळे काही नीट पाहता येत नाही. पंख्याच्या हुकाला बॅग टांगू नये. तो पंख्याचे वजन पेलतो, पण बॅगेला लाथ बसताना साखळीवर पडणारा झटका तिच्या नुसत्या वजनापेक्षा बराच जास्त असतो.

---

साडेनऊची_बॅच

माझा मुलगा अकरा वर्षांचा असून दोन वर्षे कराटेला जातो. त्याला हा धागा वाचून दाखवल्यापासून तो माकिवाऱ्याचा हट्ट धरून बसला आहे. त्याच्या वयाला झेपेल अशी पातळ फळी करून द्यावी का? किती सेंटिमीटर वाकणारी असावी?

---

हाडवैद्य_नव्हे

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि हाताच्या दुखापती रोज पाहते, म्हणून या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट देते. अकरा वर्षांच्या मुलाला फळी पातळ असो वा जाड, ठोसे मारण्यासाठी देऊ नये. या वयात हाडांच्या टोकाशी वाढीची कूर्चा असते, ती अजून हाड झालेली नसते आणि तिथे वारंवार धक्के बसले तर वाढीवर परिणाम होण्याची शक्यता असते. त्याला आपण हातात धरलेल्या जाड, मऊ पॅडवर मारू द्यावे. वडिलांनी पॅड धरलेले मुलांना अधिक आवडते, असेही पाहिले आहे.

मोठ्यांसाठीही थोडे लिहिते. तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मागची तळहातातील हाडे मनगटाशी जवळजवळ अचल जोडलेली असतात, तर अनामिका आणि करंगळीची हाडे बरीच हलतात. कराटेत पहिल्या दोन सांध्यांनी मारायला शिकवतात त्यामागे शरीररचनेचे हे कारण आहे. मूठ तिरकी बसून भार करंगळीच्या बाजूस गेला की तिथले हाड त्याच्या मानेपाशी, म्हणजे सांध्यालगतच्या अरुंद भागापाशी, मोडते आणि त्या मोडीला डॉक्टरी भाषेत बॉक्सरचे फ्रॅक्चर असेच नाव आहे. वाकणाऱ्या फळीवर चूक झाली तर फळी दिशा बदलून सूचना देते, कडक खांबावर सूचना मिळण्याआधीच हाड जाते.

हाडे भारानुसार स्वतःला घडवतात हे यूलियुस वोल्फ या जर्मन शल्यविशारदाने १८९२ साली मांडले आणि ते आजही मानले जाते, परंतु ही घडण महिन्यांच्या हिशेबाने होते. लेखकाने पहिल्या दिवसापासून शंभर ठोसे मारले, ते मला वाचवेना. दर हाताला दहा-पंधरापासून सुरुवात करावी, आठवड्यात तीन दिवस पुरे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मूठ आवळताना दुखत असेल तर त्या दिवशी फळीकडे जाऊ नये. सांध्यावर घट्टे पडणे हे प्रगतीचे चिन्ह नाही. घट्ट्याला भेग गेली तर ती भरेपर्यंत थांबावे, आणि एकच फळी अनेक जण वापरत असतील तर रक्ताचा डाग लागलेली दोरी सरळ बदलावी. खिळे ठोकून गादी बसवणाऱ्यांनी आपली धनुर्वाताची लस कधी घेतली होती ते आठवून पाहावे.

---

साडेनऊची_बॅच

धन्यवाद. पॅड आणतो. हट्ट कसा मोडायचा ते मात्र कोणी लिहिलेले नाही.

---

खांबकरीण

मी मल्लखांबवाली आहे, कराटेशी माझा संबंध भावापुरता. पण ‘बुडाशी जाड, वर निमुळता’ हे वाचून लिहावेसे वाटले. आमचा पुरलेला खांबही बुडाकडून मानेकडे निमुळता होत जातो, आणि तोही सागवानाचा किंवा शिसवीचाच चांगला मानतात. फरक असा की आमच्या खांबाने हलायचे नसते, कारण त्यावर आपण हलायचे असते. त्यामुळे लाकूड तेच असूनही जाडीचा हिशेब उलटा आहे. आम्ही खांबाला एरंडेल लावतो. माझ्या भावाने ते पाहून आपल्या माकिवाऱ्याच्या दोरीला एरंडेल चोपडले आणि पहिल्याच ठोशाला मूठ घसरून कोपर सोलून घेतले. रंधा यांनी लाकडापुरते अळशीचे तेल सांगितले आहे, दोरीला काहीच लावू नये.

पेंढ्याच्या गादीबद्दल अंगणवासी यांनी विचारले होते. भाऊ आता घायपाताची दोरी वापरतो. ती रात्रभर पाण्यात ठेवायची, ओली असतानाच शक्य तितकी ताणून गुंडाळायची आणि टोक मागच्या बाजूस वेढ्यांखालून काढून घट्ट करायचे. वाळली की ती आवळते आणि खिळ्याची गरज राहत नाही. गादीची उंची वीतभर किंवा थोडी अधिक पुरे. दोरी नवी असताना चरचरते, म्हणून पहिले दोन आठवडे वरून सायकलच्या ट्यूबचा तुकडा सरकवून ठेवावा.

---

गच्चीवरून

मी सिंहगड रस्त्यावर तिसऱ्या मजल्यावर राहते. अंगण नाही, खड्डा नाही, वर सोसायटीची सामायिक गच्ची आहे. कमिटीने सराव करण्यास तोंडी परवानगी दिली आहे, परंतु अट अशी की गच्चीला एकही भोक पाडायचे नाही. वापरताना उभा करता येईल असा माकिवारा होऊ शकतो का?

---

रंधा

होऊ शकतो, आणि कमिटीची अट योग्य आहे. गच्चीवरच्या ब्रिकबॅट कोब्याला, म्हणजे पाणी मुरू नये म्हणून घातलेल्या विटांच्या तुकड्यांच्या थराला, एक जरी बोल्ट ठोकला तरी जूनमध्ये वरच्या मजल्यावरच्यांच्या छतावर त्याचा नकाशा उमटतो.

तीन इंच बाय दोन इंचाच्या लाकडाची इंग्रजी एच आकाराची बैठक करावी, मागे-पुढे लांबी निदान चार फूट. मधल्या आडव्या लाकडाला दोन्ही बाजूंनी जाड फळ्या बोल्टने आवळून त्यांची फूटभर खोल खोबण तयार करावी आणि माकिवाऱ्याची फळी तीत पाचरी ठोकून बसवावी, म्हणजे काम झाल्यावर ती काढून घरी नेता येते. खोबणीला मागून दोन तिरके आधार द्यावेत.

वजन ठेवताना बहुतेक लोक चुकतात. ठोशाने बैठक मागच्या कडेवर उलथू पाहते, म्हणून वाळूची पोती मागे ठेवली तर त्यांचा उपयोग जवळजवळ शून्य. ती पुढच्या दोन पायांवर, मारणाऱ्याच्या बाजूला ठेवायची. टोकाला ३० किलोचा रेटा १२० सेंटिमीटर उंचीवर बसतो असे धरले, तर उलथवणारा जोर ३६ किलोग्रॅम-मीटर होतो. मागच्या कडेपासून सव्वा मीटरवर ठेवलेले ३० किलोचे पोते त्याला जेमतेम तोलते. त्यामुळे २५ किलोची दोन पोती पुढे आणि एक मध्यभागी ठेवावे. राहत्या इमारतीचा स्लॅब साधारणपणे प्रति चौरस मीटर २०० किलो भाराच्या हिशेबाने आखलेला असतो आणि गच्चीचा त्याहून थोडा कमी, तेव्हा याहून अधिक वजन एका जागी रचू नये.

---

अंगणवासी

आवाजाबद्दल एक भर घालतो. खालच्या मजल्यावर ठोशाचा आवाज जात नाही, बैठक जमिनीवर आपटण्याचा जातो. गोठ्यात गाईंखाली घालतात ती जाड रबरी मॅट बैठकीखाली अंथरावी. माझ्या एका मित्राने खालच्या आजोबांची दुपारची झोप अशीच सांभाळली आहे, आणि सोसायटीच्या सभेत ते आता त्याच्या बाजूने बोलतात.

---

भंगारप्रेमी

ज्यांना माकिवारा शक्यच नाही त्यांनी चिशी करून पाहावी. ओकिनावातल्या होजो उंडो म्हणजे पूरक व्यायामातले हे साधन आपल्या मुद्गलाचे जपानी चुलतभावंड म्हणावे असे आहे, दांड्याच्या एका टोकाला वजन आणि पकड दुसऱ्या टोकाला. रिकाम्या डब्यात काँक्रीट ओतून, त्यात आडवे खिळे मारलेला दांडा उभा करायचा. खिळे नसतील तर वाळल्यावर दांडा गरगर फिरतो. एक लिटर काँक्रीटचे वजन सुमारे २.४ किलो होते, हे ध्यानात ठेवूनच डबा निवडावा. मी उत्साहाच्या भरात रंगाचा चार लिटरचा डबा भरला आणि साडेनऊ किलोची ती वस्तू आता आमच्या दाराला टेकण म्हणून आहे. एक लिटरपासून सुरुवात करावी, आणि ओतल्यावर आठवडाभर पाणी मारावे.

---

हातोडी_नको

चिशी करून पाहीन. हे मनगटासाठी बॅगेपेक्षा बरे असावे असे वाटते. फळीबद्दल माझे मत अजून बदललेले नाही.

---

गच्चीवरून

रंधा आणि अंगणवासी, तुमच्या मापांवरून बैठक आणि फळी करून घेतली. टिंबर मार्केटमध्ये धामण मिळाली नाही, वाड्याचा सागवानी वासा मिळाला, त्यातून चुंबकाने दोन खिळे सापडले. काट्यावर १० किलोला फळी पावणेतीन सेंटिमीटर सरकते, म्हणजे थोडी मऊ झाली आहे. सुतारकाकांनी टोक १२ मिलिमीटरवर आणून ठेवले, मी पोचेपर्यंत रंधा फिरून झाला होता. पहिल्या दिवशी दर हाताला दहा ठोसे मारले. डाव्या हाताच्या सातव्या ठोशाला मागची टाच उचलली जाते हे मला पाच वर्षांत प्रथमच कळले. अडचण एकच आहे, वीसेक ठोशांनंतर पाचरी सैल होऊन फळी खडखडू लागते.

---

रंधा

पावणेतीन असू द्या, सुरुवातीला मऊच बरी. फळी कडक वाटायला हवी असेल तेव्हा गादी चार बोटे खाली सरकवून पाहा, उंची कमी झाली की कडकपणा लगेच वाढतो, आणि ठोसाही जरा खालच्या पातळीवर मारण्याचा सराव होईल.

पाचरी सैल होतात त्या बहुधा आखूड आणि जास्त उतरत्या कापल्यामुळे. सहा इंच लांबीत फक्त दोन ते तीन सूत उतार ठेवा, एक पाचर वरून आणि तिची जोडीदार खालून अशा समोरासमोर ठोका, आणि त्या फळीपेक्षा कठीण लाकडाच्या, शक्यतो बाभळीच्या करून घ्या. गुळगुळीत करू नका, करवतीचे ओरखडे तसेच राहू द्या.

---

गच्चीवरून

बाभळीच्या चार पाचरी करून आणल्या. आज साठ ठोसे झाले, खडखड नाही. पावसाळ्यात बैठक जिन्याखाली ठेवण्याबद्दल कमिटीला पत्र दिले आहे.